शेवटच्या अक्षराचे गाणे : जपानी भेंड्यांविषयी थोडेसे

गाण्यांच्या भेंड्या ठाऊक नाहीत असा मराठी माणूस विरळाच. सहलीची एस.टी. गावाची वेस ओलांडते न ओलांडते तोच मागच्या बाकावरून कोणीतरी अक्षर देते आणि पुढचे तीन तास कसे गेले ते कळत नाही. असाच एक खेळ जपानात खेळला जातो. त्याचे नियम, त्यातल्या अडचणी आणि त्यातली भांडणेसुद्धा मात्र जपानी भाषेच्या घडणीतून आलेली आहेत. दोन वर्षांपासून मी जपानीच्या वर्गाला जात आहे. व्याकरणाच्या पुस्तकाने जे मला महिनोन्‌महिने पटवून दिले नाही, ते या खेळाने पटवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

जपानी मुलांच्या शब्दांच्या भेंड्यांना 'शिरितोरी' म्हणतात. 'शिरी' म्हणजे बूड, मागचा भाग. 'तोरी' म्हणजे घेणे, पकडणे. आधीच्या शब्दाचे शेवटचे अक्षर पकडून पुढच्याने नवा शब्द सांगायचा. शब्द नाम असला पाहिजे आणि एकदा आलेला शब्द पुन्हा चालत नाही. इथपर्यंत सारे आपल्यासारखेच. पण एक नियम जीवघेणा आहे : ज्याचा शब्द 'न्‌' ने संपेल तो तिथल्या तिथे हरला! कारण साधे आहे. जपानी लिपीत 'न्‌' साठी स्वतंत्र अक्षर आहे आणि त्या अक्षराने कोणताही जपानी शब्द सुरू होत नाही. आफ्रिकेतल्या चाड देशाची राजधानी एन्‌जामेना हे नाव जपानीत नेमके याच अक्षराने सुरू होते, म्हणून हरता हरता ते पुढे करणारे बहाद्दर असतात. पण तो झाला गमतीचा भाग.

आपल्याकडे 'ळ' आणि 'ण' यांची हीच अवस्था आहे. पण आपण तडजोड करतो. 'ळ' आला की 'ल' घ्यायचा, 'ण' आला की 'न' घ्यायचा, आणि गाडी पुढे न्यायची. जपानी खेळाडू तडजोड करीत नाहीत. त्या अडचणीलाच त्यांनी हारजीतीचा नियम करून टाकले आहे.

आता प्रश्न असा की हा अर्धा 'न्‌' अक्षर कसा? आपल्या कानाला 'शिम्बुन्‌' (वर्तमानपत्र) या शब्दात दोनच अक्षरे ऐकू येतात. जपानी माणूस मात्र बोटांवर चार मोजतो : शि, न्‌, बु, न्‌. मला हे कोडे आपल्या मात्रावृत्तांच्या आधाराने सुटले. 'शिम्‌' हे गुरू, म्हणून दोन मात्रा, 'बुन्‌' हेही गुरू, म्हणून दोन मात्रा, एकूण चार. जपानी भाषा अशी मात्रांनी मोजली जाते. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुळलेल्या हायकूची पाच-सात-पाच ही मोजणीसुद्धा मुळात याच मात्रांची आहे. आपल्या वृत्तशास्त्राने पंडितांपुरते राखून ठेवलेले हे गणित तिथले पाच वर्षांचे पोर खेळता खेळता शिकते.

आता गाण्यांकडे वळू. 'काराओके' हा शब्द 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओकेसुतोरा' म्हणजे ऑर्केस्ट्रा यांतून झाला : गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यमेळ. नेगिशी शिगेइची यांनी १९६७ साली असे एक यंत्र तयार केले होते. १९७१ साली कोबे शहरातील वादक इनोउए दाइसुके यांनी आपली यंत्रे मद्यगृहांना भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि तिथून हे वेड पसरले. इनोउए यांनी पेटंट घेतले नाही. जगभर पैसा इतरांनी केला. त्यांच्या वाट्याला २००४ साली गमतीचे 'इग नोबेल' आले, तेही शांततेचे! लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग दिला, हे त्यांचे कार्य.

काराओकेच्या खोलीत मित्रमंडळी जमली की शिरितोरी गाण्यांवर खेळली जाते. आपल्या भेंड्यांहून फरक असा की अक्षर गायलेल्या ओळीचे घेत नाहीत, गाण्याच्या नावाचे घेतात. यंत्राला नाव सांगावे लागते आणि गाण्यांच्या जाडजूड सूच्या नावाच्या पहिल्या अक्षरानेच लावलेल्या असत. आज ते काम हातातल्या पडद्यावर होते. शिवाय मुखडा म्हणून सुटका नाही, सगळे गाणे म्हणावे लागते.

वानगीदाखल एक साखळी देतो. इशिकावा सायुरी यांचे १९७७ चे 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' घ्या. शेवट 'कि'. त्यावर सेन मासाओ यांचे त्याच वर्षीचे 'कितागुनी नो हारु' : उत्तरेकडचा वसंत. शेवट 'रु'. त्यावर तेराओ आकिरा यांचे १९८१ चे 'रुबी नो युबिवा' : माणकाची अंगठी. शेवट 'वा'. त्यावर कोयानागी रुमिको यांचे १९७१ चे 'वाताशी नो जोकामाची'. शेवट 'चि'. इथे एखाद्याने घाईघाईने आलिस या गायकवृंदाचे १९७८ चे 'चाम्पिओन्‌' निवडले तर शेवटी 'न्‌' आला, आणि 'चॅम्पियन' म्हणणारा गडी बाद झाला! शहाणा खेळाडू नाकाजिमा मियुकी यांचे २००० सालचे 'चिजो नो होशी' घेईल. मग 'शि' वरून 'शिरेतोको र्योजो' आणि त्याच्या शेवटच्या 'उ' वरून साकामोतो क्यू यांचे १९६१ चे 'उए ओ मुइते आरुको'. हेच गाणे १९६३ साली अमेरिकेत 'सुकियाकी' या नावाने पहिल्या क्रमांकावर गेले. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि भेंड्यांत ते नाव चालायचेही नाही.

या साखळीत 'रु' वर थोडे थांबायला हवे. मूळ जपानी शब्द 'र' च्या कोणत्याही अक्षराने सुरू होत नाहीत. जे आहेत ते चिनी वा पाश्चात्त्य भाषांतून आलेले. उलट 'रु' ने संपणारे शब्द मात्र विपुल. हारु म्हणजे वसंत, योरु म्हणजे रात्र. त्यात असंख्य क्रियापदांच्या शेवटीही 'रु' असतो. साध्या शिरितोरीत क्रियापद चालत नाही. पण गाण्याचे नाव म्हणजे अख्खे वाक्यसुद्धा असू शकते, त्यामुळे 'रु' चा मारा वाढतो. म्हणून मुरलेला गडी प्रतिपक्षावर सतत 'रु' टाकीत राहतो. अशा वेळी 'रु' ची गाणी आधीपासून गोळा करून ठेवणाऱ्याचीच धडगत. माणकाच्या अंगठीने तारले, ते वर आलेच. 'रुपान सान्सेइ नो तेमा' हेही चालते. पण आराई युमी यांचे १९७५ चे 'रुजु नो देन्गोन्‌' सर्वांच्या ओठांवर असूनही विषासारखे, कारण शेवट 'न्‌'. गंमत पाहा, रुबी, रुपान, रुजु हे तिन्ही शब्द परकेच!

भांडणेही ठरलेली आहेत. नावाच्या शेवटी लांबवलेला स्वर असेल तर तो स्वर घ्यायचा की त्याआधीचे अक्षर? 'चा' मधला छोटा 'या' मोजायचा की नाही? 'क' आला असता 'ग' चालेल का? (त्यांच्या लिपीत 'क' वर दोन टिंबे दिली की 'ग' होतो.) याचा निकाल खेळापूर्वीच लावून घेतात.

मला या खेळात महत्त्वाचे वाटले ते निराळेच. एरवी प्रत्येक जण आपल्या आवडीचे, आपल्या वयाचे गाणे म्हणतो. इथे निवड अक्षर करते. 'चि' अडला की विशीतल्या पोराला आपल्या जन्माआधीचे गाणे आठवावे लागते, आणि ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाच येत असते. त्या क्षणी त्या माणसाला खोलीत मान मिळतो.

आपल्याकडेही हे होतेच. नव्हे, होत असे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतःपुरते गाणे असते आणि सहलीच्या गाडीत भेंड्यांना अक्षर देणारा आवाज क्षीण झाला आहे. ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे आपल्या आज्यांना पाठ आहेत. आपल्यापैकी कितीजणांना येतात? माझी एक सूचना आहे. येत्या स्नेहसंमेलनात एक दुपार भेंड्यांना द्यावी आणि त्यापूर्वी प्रत्येकाने 'ठ', 'ढ', 'झ' अशा अवघड अक्षरांची गाणी घरी विचारून वहीत उतरवून आणावीत. हरण्याच्या भीतीने का होईना, आजीजवळ बसून एखादे गाणे मागून घेतले जाईल. प्राध्यापक मंडळींनीही भाग घ्यावा. 'ळ' ला 'ल' धरायचा की जपान्यांप्रमाणे बाद करायचे, हे तेवढे आधी ठरवून घेऊ.