आलापल्लीचे रान आणि ओढ्याचे निवळ पाणी

सागवान म्हटले की आलापल्ली, हे आपल्याकडच्या सुतारालाही ठाऊक असते. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले तेही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातूनच. पण कापलेले लाकूड पाहणे वेगळे आणि उभे झाड पाहणे वेगळे. यंदा गाळप सुरू होण्यापूर्वी आम्ही काही सभासद मंडळी तिकडे जाऊन आलो.

चंद्रपूरहून बल्लारशा, गोंडपिपरी, आष्टी करीत आलापल्ली गाठायची. तिथून भामरागडच्या रस्त्यावर 'वनवैभव' लागते. क्षेत्र किती, तर सहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकर. आपल्यातल्या एखाद्या बऱ्या बागायतदाराच्या मळ्याएवढे! पण 1953 पासून वनखात्याने हा तुकडा राखला आणि 2014 साली तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. वर पाहताना टोपी पडावी इतकी उंच झाडे आहेत.

खरी गंमत पुढच्या पायवाटेवर. जंगलातल्या एका ओढ्याच्या (तिकडे नाला म्हणतात) काठाकाठाने आम्ही चालत राहिलो. पाण्यालगत पांढरट, गुळगुळीत सालीचे अर्जुन. जरा वर मगरीच्या पाठीसारख्या सालीचे ऐन, मग बांबूची बेटे. दोन झाडांच्या मध्ये पंजाएवढा कोळी जाळे ताणून बसलेला. ओल्या वाळूवर फुलपाखरांचा थवा असा बसला होता की पाऊल टाकायला संकोच वाटावा.

आदल्या रात्री दणकून पाऊस झाला होता. तरी पाणी निवळ, तळाचा खडा न् खडा दिसत होता. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी ओंजळ भरली अन् विचारले, "एवढ्या पावसात गढूळ कसं नाही हो?" वाटाड्या बोलला नाही. हातातली काठी त्याने पाल्यात खुपसली. ती वीतभर आत गेली! वर वाळका पाला, खाली कुजका, त्याखाली काळी भुसभुशीत माती. पाऊस पडतो तो या गादीवर. माती जागची हलत नाही, पाणी तेवढे सावकाश झिरपत ओढ्याला मिळते.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आपल्या ओढ्यांना पहिल्याच पावसात चहाच्या रंगाचा लोंढा येतो. काठापर्यंत ऊस, काठावर झाड नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघते, ते खोडव्यात पेटवून देणारे अजून पुष्कळ आहेत. परतताना गाडीत दुसरा विषय नव्हता. दोघांनी तिथेच ठरवले, यंदा पाचट सरीत दाबायचे आणि ओढ्याकडेची एक सरी सोडून तिथे अर्जुन लावायचा. एक सरी म्हणजे किती ऊस गेला, याचा हिशेबही तिथेच झाला आणि वादही!

ज्यांना जायचे त्यांनी दिवाळीच्या सुमारास जावे. भर पावसात नाल्यांना पूर येऊन रस्ते अडतात, आणि चैत्र-वैशाखात साग उघडाबोडका असतो.