विरीला पडलेल्या कळ्या

दिवेआगरच्या वाडीत मधूनच धप्प आवाज होतो. नारळ पडला असं वाटून मी दचकायचे, काकू मान वर न करताच सांगायच्या, "विरी गं."

पोफळीची झावळी पिकली की आपणहून सुटते आणि तिच्या बुडाशी खोडाला लपेटलेला रुंद, जाड भाग तिच्यासोबत खाली येतो. तीच विरी. तिचे पंखे झाले, द्रोण झाले, पोरांनी तिच्यात एकमेकांना बसवून अंगणभर ओढलं. काकू तिचा दिवा करतात, पाहुण्यांच्या जेवणाच्या पडवीत टांगायला.

पडल्या दिवशीच उचललेली विरी रात्रभर पाण्यात ठेवली होती. सकाळी ती ओल्या चामड्यासारखी मऊ झाली. काकूंनी पितळी तपेलं पालथं घातलं, त्यावर विरी बसवली. पण सपाट वस्तू गोलावर बसवायची म्हणजे कडेला जास्तीचा भाग उरणारच. तो मुडपायला काकूंचा अंगठा आत गेला, दोन बोटं बाहेर, आणि चिमटीत चुणी उभी राहिली. मग शेजारी दुसरी.

"अहो, या तर मोदकाच्या कळ्या!"

"मग काय वेगळं शिकायला जाऊ?"

उकड कोरडी झाली तर कळी फाटते. विरी कमी भिजली तर शिरेवरून तडकते. फक्त विरीची चुणी उलगडायला बघते, म्हणून प्रत्येकीत नारळाच्या हिराचा तुकडा टोचायचा. मी तीन चुण्या घातल्या, दोन फाडल्या. मोदकांचंही माझं प्रमाण साधारण हेच आहे.

1997 साली इथल्याच एका नारळी-पोफळीच्या बागेत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला, तेव्हापासून गावात पाहुणे वाढले आणि मोदकांची मागणीही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात काकूंच्या बऱ्याच पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते. वादळानंतर सुपारीइतकीच विरीचीही चणचण होती. कोवळ्या झाडांच्या विऱ्या अरुंद, म्हणून त्यांचे दिवेही लहान.

विरीतून उजेड आरपार जात नाही. तो सरळ खाली, केळीच्या पानावरच्या भातावर पडतो, आणि चुण्यांच्या सावल्या भिंतीवर. हा दिवा शोभेचा नाही, वापरातला आहे. शहरातल्या दिवाणखान्यात शोभेला मांडलेला पाटा-वरवंटा बघून मला त्याची कीवच येते. त्याच्या नशिबी पुन्हा ओलं खोबरं नाही.

दिवा सुतळीने बांधून सावलीत ठेवला. उन्हात तो वाकडा होतो. सावलीत दोन दिवस लागतात आणि तोवर तपेलं अडकतं.

यावेळी दुसऱ्याच सकाळी फोन आला. दुपारी आठ माणसं, मोदकांसकट. काकूंनी सुतळी सोडली, अर्धवट सुकलेला दिवा पत्र्याच्या जुन्या डब्यावर चढवला आणि तपेलं घासायला घेतलं.