ओळखीचा चेहरा

चेन्नईत रजनीकांत यांचा नवा चित्रपट लागणे म्हणजे सणच. २३ मे २०१४ रोजी ‘कोच्चडैयान’ प्रदर्शित झाला, तेव्हाही जयघोष झाला. पण मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड म्हणून जन्मलेला हा नट या वेळी संगणकाने घडविलेल्या आकृतीच्या रूपाने अवतरला होता. नटांच्या हालचाली यंत्राने टिपून त्यांची कन्या सौंदर्या यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला होता. २००९ साली निवर्तलेले विनोदी नट नागेश पडद्यावर पुन्हा दिसले, याचे कौतुक झाले. तथापि डोळे निर्जीव, चाल ताठर, अशी कुरकुरही उठली.

व्यंगचित्रातला बोलका उंदीर प्रेक्षक आनंदाने स्वीकारतात. मग येथेच ते चिकित्सक का व्हावेत? जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांविषयी लिहिताना याचे उत्तर सुचविले होते. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी आपुलकी वाढते. परंतु अगदी जवळ येऊन ती किंचित उणी राहिली, की मन दचकते. शिवाय उंदराची चाल कोणाच्या परिचयाची नसते. रजनीकांत यांची मात्र तमिळ प्रेक्षक १९७५ पासून पाहत आले आहेत. त्यांच्या प्रेमानेच येथे परीक्षकाचे काम केले.