मुक्त पाठ्यपुस्तके : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

जॉन मॅकमरी यांचे ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री’ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अनोळखी नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या या प्राध्यापकाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये निघाली आणि पुढे नऊ आवृत्त्यांपर्यंत ते व्यावसायिक प्रकाशकांकडेच होते. अमेरिकेत त्याच्या नव्या प्रतीला शंभर डॉलरहून बरेच जास्त मोजावे लागत. दहावी आवृत्ती मात्र २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या ओपनस्टॅक्स या संस्थेने काढली आणि ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराशी दीर्घकाळ झुंजून २०१९ मध्ये गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ मॅकमरींनी हा निर्णय घेतला.

चालणारे, नावाजलेले पुस्तक लेखकाने असे सर्वांसाठी खुले करावे, हे आपल्याकडच्या समजुतींत बसत नाही. मुक्त पाठ्यपुस्तक म्हटले की कोणाला टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ आठवतात, तर कोणाला सरकारी योजनेतली दुय्यम दर्जाची पुस्तके. म्हणून या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : फुकट मिळते ते मुक्त पुस्तक.

वस्तुस्थिती : किंमत ही एक गोष्ट आणि परवानगी ही दुसरी. बालभारती आणि एनसीईआरटी आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य देतात. पण त्यांचे हक्क त्या संस्थांनी स्वतःकडे राखलेले आहेत. आपण ती वाचू शकतो, मात्र त्यातला धडा बदलून स्वतःच्या पुस्तकात घालू शकत नाही. टेलिग्रामवरच्या चोरीच्या प्रतींना तर कसलीच परवानगी नसते.

मुक्त पाठ्यपुस्तकात हक्कधारक ही परवानगी आधीच, लेखी आणि सर्वांना देऊन ठेवतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी तिचे पाच भाग सांगितले आहेत : प्रत कायम जवळ ठेवणे, हवी तशी वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. यासाठी बहुतेक ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने वापरतात. त्यांतले पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. सर्वांत मोकळ्या परवान्याची अट एवढीच, की मूळ लेखकाचे नाव द्यायचे. इतर परवान्यांत ‘व्यापारी उपयोग नको’ किंवा ‘बदललेली प्रतही याच अटींवर द्या’ अशी भर पडते. ‘बदल करू नका’ अशी अट असेल, तर ते पुस्तक वाटता येते, पण त्याचा अनुवाद करून प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे त्याला पूर्ण अर्थाने मुक्त म्हणता येणार नाही. पुस्तक कोणत्या प्रकारात मोडते, हे मुखपृष्ठानंतरच्या हक्काच्या पानावर लिहिलेले असते. ते पान आपण सहसा वाचत नाही.

गैरसमज २ : शिक्षणात खरा खर्च फीचा असतो, पुस्तकांचा किरकोळ.

वस्तुस्थिती : हे देशावर आणि महाविद्यालयावर अवलंबून आहे. मुक्त पाठ्यपुस्तकांची चळवळ ज्या अमेरिकेत वाढली, तिथे हा खर्च किरकोळ नव्हता. तिथल्या कामगार आकडेवारी विभागाच्या नोंदीनुसार २००६ ते २०१६ या काळात महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी वाढल्या. ज्या कम्युनिटी कॉलेजांत नोकरी करत शिकणारी, घरची परिस्थिती बेताची असलेली मुले जातात, तिथे २०१९-२० मध्ये सरासरी वार्षिक फी सुमारे ३,७०० डॉलर होती. पुस्तके आणि साहित्यासाठी वर्षाला हजार डॉलरच्या वर धरावे लागत. म्हणजे फीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक.

किमती एवढ्या का चढल्या? औषध डॉक्टर लिहितो आणि पैसे रुग्ण मोजतो, तसाच हा बाजार आहे. पुस्तक प्राध्यापक निवडतो, त्याला प्रत मोफत मिळते आणि बिल विद्यार्थी भरतो. निवडणाऱ्याला किंमत टोचत नसल्याने ती कमी ठेवण्याचा दबावच राहत नाही. त्यात दर तीन-चार वर्षांनी नवी आवृत्ती निघते, प्रश्नांचे क्रमांक बदलतात आणि जुन्या प्रतीला गिऱ्हाईक उरत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके शोधणाऱ्यांना अभ्यासक्रम बदलल्यावर हाच अनुभव येतो. अमेरिकेत पुढे पुस्तकासोबत गृहपाठाचा एकदाच चालणारा संकेतांक येऊ लागला, मग तर जुनी प्रत घेण्यात अर्थच राहिला नाही. अखेर २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने प्रकाशकांना बजावले, की प्राध्यापकांना किंमत कळवा आणि पुस्तक सुटेही विका.

याचा परिणाम शिकण्यावर झाला. फ्लोरिडात २०१६ मध्ये झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांनी सांगितले, की किमतीमुळे कधी ना कधी त्यांनी नेमलेले पुस्तक घेतलेच नाही. काहींनी त्यापायी कमी विषय निवडले, काहींनी विषय सोडून दिले.

गैरसमज ३ : फुकट आहे म्हणजे दर्जा यथातथाच.

वस्तुस्थिती : दर्जा किमतीवर ठरत नाही. लेखक कोण, संपादन कसे झाले आणि मजकूर कोणी तपासला, यावर तो ठरतो. ओपनस्टॅक्सची पहिली पुस्तके २०१२ मध्ये भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्रात आली. विषयाच्या प्राध्यापकांनी लिहायचे आणि त्याच विषयाच्या इतर प्राध्यापकांनी तपासायचे, ही व्यावसायिक प्रकाशनाचीच पद्धत तिथे पाळली जाते. चूक सापडली तर कोणीही कळवू शकतो आणि पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता ती दुरुस्त होते.

विद्यार्थ्यांच्या निकालांवरही अभ्यास झाले आहेत. शिक्षणसंशोधक जॉन हिल्टन यांनी २०१६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुक्त पुस्तक वापरणारे विद्यार्थी साधारणपणे इतरांच्या बरोबरीनेच शिकतात, असे त्यांना आढळले. जॉर्जिया विद्यापीठात २१,८२२ विद्यार्थ्यांच्या निकालांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या एक पाऊल पुढे गेला. मुक्त पुस्तके आल्यावर गुणश्रेणी सुधारल्या आणि नापास होणाऱ्यांचे किंवा विषय सोडणाऱ्यांचे प्रमाण घटले. सरकारी अनुदानावर शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांत हा फरक अधिक होता. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय पुस्तकालाच देता येणार नाही. मात्र पुस्तक फुकट झाले म्हणून निकाल घसरल्याचे या अभ्यासांत दिसत नाही.

मर्यादाही सांगायला हवी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या, मोठ्या पटाच्या विषयांत उत्तम मुक्त पुस्तके आहेत. पदव्युत्तर आणि विशेष विषयांत ती अजून तुरळक आहेत.

गैरसमज ४ : लेखकाला काही मिळत नाही, आणि असे पुस्तक कधीही बंद पडू शकते.

वस्तुस्थिती : मुक्त पुस्तकालाही पैसा लागतोच. फरक एवढा, की दर प्रतीमागे रॉयल्टी गोळा करण्याऐवजी तो सुरुवातीला एकदम घातला जातो. ओपनस्टॅक्सला ह्यूलेट, गेट्स अशा प्रतिष्ठानांचे पाठबळ मिळाले आणि लेखक-परीक्षकांना मानधन दिले गेले. जॉर्जिया राज्य प्राध्यापकांना महागडे पुस्तक सोडून मुक्त साहित्याकडे वळण्यासाठी अनुदान देते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मध्येच अशी पुस्तके सरकारी खर्चाने तयार करायला घेतली.

टिकण्याची शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर एका फसलेल्या उद्योगात सापडते. फ्लॅट वर्ल्ड नॉलेज ही अमेरिकी कंपनी २००७ मध्ये निघाली. पुस्तक पडद्यावर फुकट द्यायचे आणि छापील प्रती व जोडसाहित्य विकून पैसे मिळवायचे, असा तिचा बेत होता. हिशेब जमला नाही. जानेवारी २०१३ पासून कंपनीने फुकट वाचन बंद केले. पण आधीची पुस्तके मुक्त परवान्याने दिलेली होती आणि एकदा दिलेला असा परवाना प्रत मिळालेल्याकडून परत घेता येत नाही. इतरांनी त्या प्रती जपल्या आणि त्या आजही वापरात आहेत. पुस्तक केवळ फुकट असते, तर कंपनीच्या या निर्णयाबरोबर तेही गेले असते.

गैरसमज ५ : मुक्त पुस्तक पडद्यावरच वाचावे लागते, छापले किंवा झेरॉक्स काढली तर गुन्हा.

वस्तुस्थिती : ओपनस्टॅक्सची पुस्तके छापील स्वरूपात, छपाईच्या खर्चाच्या आसपास विकत मिळतात. केवळ नाव देण्याची अट असलेले पुस्तक तर कोणताही मुद्रक छापून विकू शकतो. ‘व्यापारी उपयोग नको’ अशी अट असेल, तर पैसे घेऊन प्रती काढणारा दुकानदार अडचणीत येतो का? हा प्रश्न अमेरिकेत फेडएक्सच्या झेरॉक्स दुकानांवरून न्यायालयात गेला. शाळेच्या सांगण्यावरून प्रती काढणारे दुकान अट मोडत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

आपल्याकडचा रामेश्वरी फोटोकॉपीचा खटला वेगळा आहे. तिथे पुस्तके मुक्त नव्हती. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या शिक्षणासाठीच्या सवलतीचा आधार घेत, अध्यापनासाठी लागणाऱ्या उताऱ्यांचे संच झेरॉक्स करणे वैध ठरवले. या निकालाचा अर्थ ‘अख्खे पुस्तक झेरॉक्स करायला मोकळीक’ असा अनेकदा लावला जातो, तो चुकीचा आहे. संपूर्ण पुस्तकाच्या प्रती आणि संचातल्या मजकुराची गरज, हे मुद्दे खंडपीठाने पुराव्यानिशी तपासण्यासाठी खाली पाठवले होते. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे त्या मुद्द्यांचा निकाल लागला नाही. मुक्त पुस्तकात ही संदिग्धता नसते. वाचण्यासाठी अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स बिनधास्त काढता येते.

गैरसमज ६ : भारतात पुस्तके स्वस्तच आहेत, म्हणून हा आपला प्रश्न नाही.

वस्तुस्थिती : पहिला भाग बराचसा खरा आहे. परदेशी प्रकाशक ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का मारून स्वस्त आवृत्त्या काढतात. अमेरिकेला शिकायला जाणारी आपली मुले बॅगेत त्या घेऊन जातात, ती उगीच नाही. आशियातल्या अशाच आवृत्त्या अमेरिकेत विकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याविरुद्ध वायली या प्रकाशनसंस्थेने दावा लावला होता. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. शिवाय आपल्याकडे ‘लोकल ऑथर’ची विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम पुस्तके आहेत, गाइडे आहेत, ग्रंथालयाचे बुक बँक संच आहेत. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फीपुढे पुस्तकांचा खर्च लहान दिसतो, हे नाकारता येणार नाही. मुक्त पुस्तके आली म्हणून शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या कुटुंबाचा बोजा फारसा हलका होणार नाही.

पण त्यावरून ‘हा आपला प्रश्न नाही’ असे ठरत नाही. आपल्या अडचणीचे ठिकाण वेगळे आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी बी.एस्सी.ला येते आणि तिच्या हाती चांगले पुस्तक पडते ते इंग्रजीत. मराठीत असते ते बहुधा परीक्षेपुरते. अभियांत्रिकीची पुस्तके भारतीय भाषांत आणण्याचे काम एआयसीटीईने हाती घेतले आहे आणि ई-कुंभ या तिच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही विनामूल्य मिळतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतीय भाषा पुस्तक योजनाही जाहीर झाली. पण प्रत्येक विषयात कोऱ्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

नावाजलेल्या परदेशी पुस्तकाचा मराठी अनुवाद करायचा, तर आधी प्रकाशकाशी हक्कांचा करार करावा लागतो. छोट्या मराठी प्रकाशकाला हजार प्रतींच्या खपावर तो परवडत नाही. मुक्त पुस्तकात ती पायरीच नाही. पोलंडमध्ये ओपनस्टॅक्सचे विद्यापीठ स्तरावरचे भौतिकशास्त्र पोलिश भाषेत आणले गेले आणि तेही मुक्तच आहे. तसेच पुस्तक मराठीत आणायला, त्यातली अमेरिकी उदाहरणे काढून कोयना धरणाची किंवा एसटीच्या भाड्याची उदाहरणे घालायला आजच परवानगी आहे. मॅकमरींचे पुस्तकही, व्यापारी उपयोग न करता आणि त्याच अटींवर, मराठीत आणता येते. आपल्याकडच्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमानेही आपली व्याख्याने मुक्त परवान्याने दिली आहेत.

अडते आहे ते श्रमाच्या मोबदल्यापाशी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकासाठी प्राध्यापकाला १० गुण आहेत आणि संपूर्ण पुस्तकाच्या अनुवादासाठी ८. हजार पानांचा ग्रंथ मराठीत आणणाऱ्याने दोन-तीन वर्षे घालवून मिळवायचे ते एवढेच. मानधन, भाषा-संपादन आणि परिभाषेची तपासणी यांचा खर्च कोणीतरी एकदा उचलावा लागेल. विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या एका विषयासाठी जरी तो उचलला, तरी ते पुस्तक नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाला कायमचे वापरता येईल. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, तर नवे पुस्तक घ्यावे लागणार नाही, प्रकरणे बदलली की झाले.

म्हणून पुस्तक नेमताना प्राध्यापकाने आणि अभ्यास मंडळाने किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : हे पुस्तक बदलण्याची आणि मराठीत आणण्याची परवानगी आपल्याला आहे का? ती असेल, तर पुस्तक मराठीत नाही ही तक्रार प्रकाशकाकडे नेता येणार नाही. ती आपल्याच विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाकडे न्यावी लागेल.