आकाशाच्या दप्तराची पंचेचाळीस वर्षं

1979च्या मार्च महिन्यात अमेरिकेतले दोन खगोलशास्त्रज्ञ एका कटकटीच्या प्रश्नावर तोडगा काढायला बसले. डॉन वेल्स ॲरिझोनातल्या किट पीक राष्ट्रीय वेधशाळेचे, म्हणजे नेहमीच्या प्रकाशाच्या दुर्बिणी वापरणाऱ्यांतले. एरिक ग्रायसेन राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेचे, ज्यांची व्हीएलए ही प्रचंड दुर्बीण तेव्हा न्यू मेक्सिकोत उभी राहत होती. एकाच आकाशगंगेची प्रकाशातली आणि रेडिओ लहरींतली प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून पाहावी, ही इच्छा दोन्हीकडे होती. पण प्रतिमांच्या चुंबकीय टेपा एकमेकांच्या संगणकावर वाचताच येत नसत. किट पीकचा सीडीसी संगणक 60 बिटांचा शब्द (एका वेळी हाताळायचा बिटांचा गट) मानायचा, तर ग्रायसेन यांचं आयबीएम यंत्र 32 बिटांचा. अक्षरं साठवायच्या पद्धतीही वेगळ्या. प्रत्येक वेधशाळेची फाइल म्हणजे तिची खासगी बोली होती. दहा वेधशाळांनी एकमेकांशी देवाणघेवाण करायची ठरवली, तर एकीचं दुसरीला समजावणारे नव्वद प्रोग्राम लिहावे लागले असते.

वेल्स आणि ग्रायसेन यांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एकच मधला मसुदा मानायचा. आपल्या फाइलीतून त्यात जायचं आणि त्यातून आपल्याकडे परत यायचं, एवढे दोनच प्रोग्राम प्रत्येकाने लिहायचे. हॉलंडच्या वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीशी संबंधित रॉन हार्टेन त्यांना येऊन मिळाले. तिघांचा लेख 1981मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1982मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रीसमधल्या पात्रासच्या महासभेत या मसुद्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याचं नाव ‘फ्लेक्सिबल इमेज ट्रान्सपोर्ट सिस्टिम’, म्हणजेच ‘फिट्स’. मुळात ही फक्त वाहतुकीची सोय होती. प्रतिमा एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्यासाठी केलेली व्यवस्था पुढे साऱ्या जगाचं आकाशाचं दप्तर होईल, हे तेव्हा त्या तिघांच्या योजनेत नव्हतं.

या मसुद्याचा खरा कस त्याच्या बारीकसारीक निर्णयांत दिसतो. फिट्स फाइल 2880 बाइटांच्या ठोकळ्यांनी बनते. हा आकडा सहज सुचलेला नाही. 2880 बाइट म्हणजे 23,040 बिट, आणि या संख्येला 6, 8, 12, 16, 18, 24, 32, 36, 48, 60, 64 या साऱ्यांनी निःशेष भाग जातो. त्या काळी वापरात असलेल्या संगणकांच्या शब्दांची लांबी हीच होती. म्हणजे कुठल्याही यंत्राला ठोकळा अर्धवट तोडावा लागू नये, याची तजवीज आधीच केलेली. सुरुवातीचा मजकूर 80 अक्षरांच्या ओळींचा असतो, कारण पंचकार्डावर 80 रकाने असत. एका ठोकळ्यात अशा बरोबर 36 ओळी मावतात. पंचकार्डं कधीच अडगळीत गेली, पण त्यांचं माप आजही प्रत्येक फिट्स फाइलीत टिकून आहे.

आज एखादी फिट्स फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी. ओळ संपल्याची खूण नसल्यामुळे सगळं सलग दिसतं, पण वाचता येतं. पहिली ओळ ‘सिंपल’ आणि तिच्यापुढे ‘टी’, म्हणजे ही फाइल नियमाप्रमाणे आहे, होय. मग ‘बिटपिक्स’ सांगतं की एक बिंदू किती बिटांचा आहे. ‘नॅक्सिस’ सांगतं अक्ष किती, आणि पुढच्या ओळी सांगतात त्या प्रत्येक अक्षावर किती बिंदू. त्यानंतर दुर्बीण कोणती, कॅमेरा कोणता, वेध कधी घेतला, किती सेकंद घेतला. शेवटी ‘एंड’. उरलेला ठोकळा रिकाम्या जागांनी भरलेला, आणि मग आकड्यांचा न वाचता येणारा लोंढा. तो कसा वाचायचा, हे मात्र वर माणसाला कळेल अशा अक्षरांत लिहून ठेवलेलं असतं. उद्या सगळी सॉफ्टवेअर्स नष्ट झाली, तरी दोन पानी माहितीच्या आधारे एखादा विद्यार्थी ही फाइल वाचणारा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत लिहू शकेल. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराची गोष्ट आठवावी. कागद शाबूत असले तरी मोडी वाचणाऱ्यांवाचून ते मुके राहतात. फिट्सने आपली बाराखडी प्रत्येक कागदाच्या माथ्यावरच छापली.

दुसरा मोठा निर्णय एका वचनाचा होता. एकदा जी फाइल फिट्स म्हणून वैध ठरली, ती कायम वैध राहील. पुढे नियम वाढवता येतील, पण जुनी फाइल बाद ठरेल असा एकही बदल करायचा नाही. हे वचन पाळणं सोपं नव्हतं. तारखेचंच घ्या. जुन्या नियमात वेधाची तारीख दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे अशी लिहायची होती. 2000 साल जवळ आलं तसं ते अडचणीचं ठरू लागलं. 1997मध्ये चार आकडी वर्षाची नवी रीत ठरली. मात्र जुनी तारीख दिसली तर ती विसाव्या शतकातली समजायची, असंही त्याच वेळी नक्की केलं. त्यामुळे जुन्या टेपांना हात लावावा लागला नाही. दशांश अपूर्णांक आले, तक्ते आले, 2002मध्ये प्रतिमेतल्या प्रत्येक बिंदूचं आकाशातलं स्थान सांगायची सविस्तर पद्धत आली, आकुंचन आलं. तरीही 1981ची फाइल आजच्या प्रोग्रामात उघडते. संगणकाच्या जगात, जिथे दहा वर्षांपूर्वीचा दस्तऐवज उघडताना धाकधूक होते, तिथे हे मला फार मोलाचं वाटतं.

फिट्समध्ये रूपांतर करणं म्हणजे आकडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतणं, अशी समजूत असते. आकडे ओतणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. तिथेही सापळे आहेत. फिट्समध्ये 16 बिटांची संख्या ऋण-धन मानली जाते, तर कॅमेरा 0 ते 65,535 अशी फक्त धन मोजणी देतो. म्हणून प्रत्येक आकड्यातून 32,768 वजा करून ठेवायचे आणि ते परत मिळवायला सांगणारी ओळ वर लिहायची. ती ओळ राहिली, तर उघडताना प्रत्येक आकडा 32,768ने कमी भरेल आणि मधल्या आकाशाचे आकडे ऋण होतील. फिट्सची पहिली रांग बहुतेक प्रोग्राम तळाशी दाखवतात, तर नेहमीच्या फोटोंची पहिली रांग वर असते. हे विसरलं की चित्र उलटं होतं आणि उत्तर-दक्षिणेची अदलाबदल होते. घरच्या दुर्बिणीला डिजिटल कॅमेरा लावणाऱ्या हौशी निरीक्षकांनाही हे नेहमी भेटतं. त्यांच्यासाठी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जेपेगमधून फिट्स केलं, तर डबा बदलतो, पण कॅमेऱ्याने टिपलेली 14 बिटांची सूक्ष्मता 8 बिटांवर आलेली असते, ती परत येत नाही. रॉ फाइल जपून ठेवा आणि रूपांतर तिच्यावरूनच करा.

खरं अवघड काम असतं ते वरच्या मजकुराचं. हार्वर्ड वेधशाळेत 1880च्या दशकापासून सुमारे शंभर वर्षांत काचेच्या प्लेटांवर टिपलेलं आकाश साठवलं आहे. तिथले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन ग्रिंडले यांच्या पुढाकाराने त्यांचं स्कॅनिंग सुरू झालं. 2024मध्ये पूर्ण झालेल्या या कामात चार लाखांहून अधिक प्लेटा संगणकात आल्या. प्रत्येक प्लेट स्कॅन करायच्या आधी पुसून स्वच्छ करावी लागे, आणि तिच्यावर ज्या शाईच्या खुणा होत्या त्या विलियमिना फ्लेमिंग, हेन्रिएटा लेव्हिट, ॲनी कॅनन यांच्यासारख्या, वेधशाळेत काम करणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्यांनी केलेल्या. म्हणून पुसण्याआधी खुणांसकट प्लेटचा आणि तिच्या पाकिटाचा फोटो काढायचा, हा क्रम ठरला. निरीक्षणाच्या वह्या वेगळ्या वाचून उतरवल्या गेल्या. प्लेट कधी, कुठल्या दिशेला, किती वेळ उघडली होती हे वहीत असतं. ते फाइलीच्या माथ्यावर चढलं नाही, तर हातात येतं ते ठिपक्यांचं चित्र, वेध नव्हे.

आपल्याकडे हा अनुभव कोडाईकनालच्या सौर वेधशाळेने घेतला. तिथे 1904पासून सूर्याची छायाचित्रं रोजच्या रोज, ढगांनी सवड दिली तेव्हा, घेतली गेली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने या प्लेटा आणि फिल्मा 16 बिटांच्या, सुमारे 4096 बाय 4096 बिंदूंच्या प्रतिमांत आणून फिट्समध्ये ठेवल्या. शतकभराचे सौरडाग असे एका मांडणीत आले. सूर्याच्या प्रतिमेची उत्तर दिशा कुठे आहे हे वेळेवरून काढावं लागतं. वेळेची नोंद चुकली, की डाग सूर्यबिंबावर भलत्याच जागी जाऊन बसतात. ही दुरुस्ती यंत्र करत नाही. एकेका दिवसाची शेजारच्या दिवसांशी गाठ घालून ती माणसं करतात.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचं उदाहरण नारायणगावाजवळच्या खोडदचं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेना आहेत. चौदा मधल्या चौकात, बाकीच्या तीन हातांवर पसरलेल्या. तिथे थेट प्रतिमा टिपली जात नाही. तीस ॲन्टेनांच्या 435 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी किती जुळतात याची मोजणी सतत साठत जाते. ती साठते ‘एलटीए’ नावाच्या, जीएमआरटीच्या स्वतःच्या मसुद्यात. जगातल्या कुठल्याही प्रतिमा घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती द्यायची, तर आधी तिचं फिट्स करावं लागतं.

त्यासाठी दोन छोटे प्रोग्राम आहेत. पहिला ‘लिस्टस्कॅन’. तो एलटीए फाइल वाचून कुठल्या वेळी दुर्बीण कुठल्या स्रोताकडे वळली होती याची यादी एका साध्या लॉग फाइलीत लिहितो. ती यादी उघडायची, नको ते वेध वगळायचे, हवे ते चॅनेल ठेवायचे. मग दुसरा, ‘जीव्हीफिट्स’, त्या यादीबरहुकूम फिट्स फाइल बनवतो. यादीत नाव बदललं नाही, तर फाइलीचं नाव ‘टेस्ट.फिट्स’ पडतं. या फाइलीत प्रत्येक मोजणीशेजारी त्या जोडीचं अंतर आणि वेळ लिहिलेली असते. ती मांडणी ग्रायसेन आणि हार्टेन यांनी 1981च्याच दुसऱ्या लेखात सुचवली होती. पुढे बाकी कामांसाठी ती मागे पडली. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यांनी मात्र ती सोडली नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्या ‘एप्स’ सॉफ्टवेअरवर प्रतिमा घडवायला शिकल्या, त्याच्या घडणीतही ग्रायसेन यांचा मोठा वाटा आहे.

या खटाटोपाचं चीज कसं होतं, हे 150 मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणात दिसलं. 2010 ते 2012 या काळात जीएमआरटीने खोडदहून दिसणारं जवळपास सगळं आकाश या वारंवारतेला पाहिलं, आणि कच्ची मोजणी अभिलेखात ठेवली. ती सर्वांना खुली होती. पुढे खगोलशास्त्रज्ञ ह्यूब इन्टेमा आणि सहकाऱ्यांनी ती सारी अभिलेखातून काढून, नव्या पद्धतीने दुरुस्त केली. 2017मध्ये त्यांचा लेख आला. संपूर्ण आकाशाच्या सुमारे 90 टक्के भागाच्या प्रतिमा आणि सुमारे 6.2 लाख रेडिओ स्रोतांची यादी जगाच्या हाती पडली. मूळ वेध त्यांनी घेतले नव्हते. अभिलेखात नीट ठेवलेली, वाचता येण्याजोगी मोजणी नसती, तर हे काम झालंच नसतं.

फिट्सच्या मर्यादाही खऱ्या आहेत. ओळीच्या सुरुवातीच्या शब्दाला आठच अक्षरं मिळतात, म्हणून सगळीकडे तोडलेली, कोड्यासारखी नावं दिसतात. वरचा मजकूर फक्त इंग्रजी अक्षरांत लिहिता येतो, त्यामुळे खोडदच्या फाइलीत ‘खोडद’ देवनागरीत लिहायची सोय नाही. गुंतागुंतीची रचना मांडताना फिट्सची दमछाक होते. म्हणून 2015च्या सुमारास ‘एएसडीएफ’ हा नवा मसुदा आला. जेम्स वेब दुर्बिणीच्या फाइली आजही फिट्सच आहेत, फक्त त्यांच्या पोटात एएसडीएफचा एक भाग बसवलेला असतो. नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीने मात्र नवाच मसुदा निवडला आहे. त्यातही वरचा मजकूर माणसाला वाचता यावा, हा जुना आग्रह कायम आहे. दुसरीकडे व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली हजारो हस्तलिखितं दीर्घकाळ जपण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांचं फिट्सच उचललं.

कोडाईकनाल, हार्वर्ड आणि खोडद इथल्या कामाचा धडा हाच की माथ्यावरच्या ओळी नीट लिहिल्या जायला हव्यात. त्यासाठी फिट्समध्ये ‘हिस्ट्री’ नावाची ओळ पहिल्यापासून आहे. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम चालवला, कुठली वेळ बदलली, कशाच्या आधाराने बदलली, हे तिच्यात ओळीमागून ओळ लिहीत जायचं. रूपांतर करणाऱ्याने ती ओळ रिकामी सोडू नये.