उंदीर, पावसाळा आणि आपले मोहल्ले

न्यूयॉर्क शहराने एप्रिल २०२३ मध्ये एका बाईंना केवळ उंदीर कमी करण्याच्या कामावर नेमले. त्यांचे नाव कॅथलीन कोराडी. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘रॅट झार’, म्हणजे उंदरांच्या मामल्यातली बादशहा, अशी पदवीच देऊन टाकली. त्या पूर्वी शाळेत शिकवत असत, त्यामुळे आम्हा शिक्षक मंडळींना या बातमीचे जरा जास्तच कौतुक! पण एवढ्या श्रीमंत शहरावर ही वेळ का यावी? कारण साधे आहे. तिथे वर्षानुवर्षे घराघरांतला कचरा काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून दुपारी चारपासूनच फुटपाथवर ठेवला जात असे. रात्रभर उंदरांसाठी दस्तरखान मांडलेलाच. मग पिशव्या रात्री आठनंतरच बाहेर काढायचा नियम झाला, आणि नोव्हेंबर २०२४ पासून लहान इमारतींना झाकणाच्या डब्याची सक्ती झाली.

आता मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा वलीपीर रोड किंवा दूधनाका इथे रात्री अकराच्या सुमारास एक फेरी मारून पाहा. घंटागाडी सकाळी येणार, पण पिशवी रात्रीच जिन्याखाली उतरलेली असते. गाठ मारलेली पिशवी उंदराला अडवत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा ते बारा पिल्ले, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. हा गुणाकार आम्ही सातवीच्या मुलांना फळ्यावर करायला दिला, तेव्हा वर्षाच्या आतच फळा अपुरा पडला.

एक गोष्ट जरा अवघड आहे, तरी लिहितो. आपल्या घरांत रिझ्कचा अदब आहे. शिळी रोटी, पाव कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. मग पिशवीत घालून कंपाउंडच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या जाळीला टांगून ठेवतात, पाखरे किंवा बकऱ्या खातील म्हणून. भावना उत्तम. पण पाखरे सूर्यास्ताला झोपतात आणि त्यानंतर ती रोटी कोण खातो, हे त्या भिंतीखालची बिळे सांगतात. उरलेली रोटी सकाळी उजेडात घालावी, आणि मगरिबपर्यंत उरली तर उचलून घ्यावी. बकरी ईदला तर आतडी, चरबी गटारात जाता कामा नये. तेवढ्यावर घुशींची एक पिढी पोसली जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रात्री झोपण्यापूर्वी भांडी झाकायला आणि दिवे विझवायला सांगितले. उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घराला आग लावतो, हे कारणही हदीसमध्ये आले आहे. आज वातीचे दिवे गेले, पण मीटरच्या पेटीतल्या वायरी आल्या. कुरतडलेल्या वायरीमुळे शॉर्ट सर्किट होऊ शकते, हे कोणताही वायरमन सांगेल.

मात्र आमच्या मते खरी भीती आगीची नाही, पाण्याची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ठाणे-कल्याणही बुडाले. पाणी ओसरले आणि मागोमाग लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. हे जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात. कुत्रे आणि गुरेही ते पसरवतात. पायावरच्या साध्या चिरेतून, खरचटलेल्या जागेतून ते शरीरात शिरतात. ताप लगेच येत नाही. साधारण पाच ते चौदा दिवस जातात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत मूल पाण्यातून चालत आले होते, हे घरातले विसरून गेलेले असतात. जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा, डोके ठणकणे, डोळे लाल होणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेळेत औषध मिळाले तर साध्या प्रतिजैविकांनी माणूस बरा होतो. म्हणून पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांना पहिल्यांदा पाण्याची गोष्ट सांगा. पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही असतात. पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. गरोदर बाई आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते.

या शहरांनी उंदराची किंमत पूर्वीही मोजली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक रेल्वेने पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते, तेव्हा आगाखान तिसरे, सुलतान मुहम्मद शाह, यांनी सर्वांसमोर ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुशरू लॉज दिला. रोग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले. त्यापूर्वी माणसांची घरे धुतली, जाळली, पण खरा गुन्हेगार बिळात होता.

मुंबई महापालिकेकडे आजही रात्री काठी-बॅटरी घेऊन फिरणारे उंदीर मारणारे कामगार आहेत. एका रात्रीत तीस उंदरांचा कोटा भरला नाही, तर पगार कापला जात असे. मंत्रालयात मात्र सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशोब मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत वाचून दाखवला. हा आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा होता, असा खुलासा नंतर आला. असो.

विषाबद्दल शेवटचे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट टोमॅटोला किंवा पावाला लावून कोपऱ्यात ठेवण्याची सवय घातक आहे. तिला उतारा नाही. पोटात गेल्यावर मूल दोन दिवस बरे दिसते आणि मग यकृत निकामी होते. बाजारातल्या दुसऱ्या गोळ्यांनीही मेलेला उंदीर खाऊन मांजर मरते. त्यापेक्षा पिंजरा लावा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, नळाच्या पाइपाभोवतीची भोके सिमेंटने बुजवा. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून घरातला छोटा उंदीर आत येतो. मोठ्याला नाण्याएवढी जागा पुरते. पाण्यातून आलेल्या मुलाचे पाय साबणाने धुऊन पुसल्यावर बोटांच्या मधली जागाही तपासा. चिरा पडतात त्या तिथेच.