जळून वाचलेली 'कटी सार्क'

२१ मे २००७. लंडनमधल्या ग्रिनिचच्या सुक्या गोदीत उभ्या असलेल्या 'कटी सार्क' या जुन्या जहाजातून पहाटे पाचच्या आतच धूर येऊ लागला. उजाडल्यावर दूरदर्शनवर काळवंडलेला लोखंडी सांगाडा दिसला, तेव्हा जहाज गेलं असंच बहुतेकांनी धरलं.

गेलं नव्हतं, कारण त्याचा मोठा भाग तिथे नव्हताच. २००६च्या नोव्हेंबरपासून डागडुजी चालू होती. डोलकाठ्या, दोरखंड, बाजूच्या बऱ्याचशा फळ्या आणि नाळेवरची, हातात घोड्याची शेपटी धरलेली 'नॅनी'ची मूर्ती, हे सगळं आधीच उतरवून ठेवलेलं होतं. आधी घातपाताचा संशय आला. चौकशीअंती बोट दाखवलं गेलं ते सुट्टीच्या दिवसांत बंद करायचं राहून गेलेल्या एका व्हॅक्यूम क्लीनरकडे!

तसं हे जहाज कमनशिबीच. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला ते पाण्यात उतरलं २२ नोव्हेंबर १८६९ला, आणि सुएझ कालवा खुला झाला त्याच्या पाचच दिवस आधी. चीनच्या चहासाठी वाऱ्याशी शर्यत लावणारं जहाज बांधावं आणि धंदा त्या कालव्यातून जाणाऱ्या आगबोटींनी पळवावा! पुढे ऑस्ट्रेलियाची लोकर वाहताना त्याने खरं नाव कमावलं. १८९५ला ते पोर्तुगीजांना विकलं गेलं, १९२२ला विल्फ्रेड डाऊमनने ते परत इंग्लंडात आणलं, आणि १९५७ला ग्रिनिचला लोकांसाठी खुलं झालं.

दुरुस्ती करणाऱ्यांचं खरं भांडण मात्र आगीशी नव्हतं, गंजाशी होतं. लोखंडी फासळ्यांवर लाकडी फळ्या, अशी याची बांधणी. वर्षानुवर्षं मुरलेलं खारं पाणी त्या फासळ्या आतून खात होतं. डागडुजी काढली होती ती त्यासाठीच. आगीत आतले तक्ते जळाले, खर्च वाढला आणि एकूण आकडा पाच कोटी पौंडांच्या घरात गेला.

२५ एप्रिल २०१२ला राणी एलिझाबेथनी जहाज पुन्हा खुलं केलं. १९५७लाही त्याच आल्या होत्या. पण या वेळी जहाज गोदीच्या तळापासून सुमारे तीन मीटर वर उचललेलं होतं आणि त्याच्या कमरेभोवती काचेचं छत होतं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतीला मिळणारा 'कार्बंकल कप' या कामाच्या वाट्याला आला. मला तो निवाडा थोडा कठोर वाटतो, पण चुकीचा नाही. मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली १८१७ची 'त्रिंकोमाली' ही नौका हार्टलपूलला आजही पाण्यात तरंगते. तिच्यापुढे 'कटी सार्क' काचेत अडकलेली वाटते.

तरीही ग्रिनिचला गेलात, तर जहाजाच्या पोटाखाली नक्की उतरा. तळाची ती धारदार ठेवण पाहिली, की हे जहाज एवढं पळायचं कसं ते कळतं.